हाताचे दुखणे : कष्टाचे की काळजाचे?

उसावर कोयता चालविणे, पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा तासन्‌तास हलविणे, यांमुळे हात दुखणे नित्याचेच होय. असे दुखणे हात हलविताच वाढते व विश्रांतीने बहुधा ओसरते. मानेच्या मणक्यापाशी शीर दबल्यास कळ खांद्यापासून बोटांपर्यंत उतरते व मुंग्या येतात. दोन आठवड्यांत उतार न पडल्यास किंवा हातातील जोर कमी झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

परंतु हात रिकामा असता, केवळ चढ चढताना उठणारी व थांबताच शमणारी कळ हृदयाची असू शकते. ती शमली म्हणून दुर्लक्ष करू नये. लवकरच तपासून घ्यावे. हातातील कळीसोबत छातीवर दडपण, जबड्यात वेदना, दरदरून घाम वा धाप असल्यास तेल चोळीत बसणे घातक होय. कळ बहुधा डाव्या हातात येते, पण उजव्यातही येते. स्त्रिया व मधुमेही यांची छाती कधीकधी मुळीच दुखत नाही. अशा वेळी रोग्यास चालवू नये, तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. हात एकाएकी लुळा पडून बोलणे अडखळल्यासही हेच करावे. ईसीजी काढण्याची सोय जवळ कोठे आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आजच विचारून चावडीवर लिहून लावावे.