सूक्ष्म छिद्रातून प्रथिनांचे वाचन

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ होय. मण्यांच्या क्रमावर तिचा गुणधर्म अवलंबून असतो. रक्तातील हिमोग्लोबिनाच्या बीटा नामक माळेत १४६ मणी असतात. त्यांतील केवळ सहावा मणी बदलला आणि हा दोष आईबाप उभयतांकडून अपत्याकडे आला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. नंदुरबार, गडचिरोलीकडील आदिवासी कुटुंबांत आढळणारा सिकलसेल आजार तो हाच. एका मण्याचे मोल एवढे आहे!

इन्सुलिनाच्या ५१ मण्यांचा क्रम लावल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांच्या पद्धतीस एकाच प्रथिनाचे असंख्य रेणू लागत. डीएनएच्या हव्या तितक्या नकला प्रयोगशाळेत काढता येतात. प्रथिनाच्या तशा काढता येत नाहीत. म्हणून रोगाच्या आरंभी रक्तात अत्यल्प असणारे प्रथिन नजरेतून निसटते.

यावर योजिलेला उपाय असा. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे एका पातळ पटलाने विभागतात. पटलात एक-दोन नॅनोमीटर रुंदीचे छिद्र असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. वीज जोडताच छिद्रातून प्रवाह वाहू लागतो. माळ आत शिरली की वाट अडून प्रवाह घटतो. निरनिराळे मणी तो कमीअधिक अडवितात आणि या चढउतारांवरून क्रम ताडता येतो. डीएनएचा धागा असा छिद्रातून जातो, हे १९९६ साली सिद्ध झाले.

प्रथिनाचे काम अधिक बिकट. डीएनएवर सर्वत्र ऋण भार असल्याने वीज त्याला ओढून नेते. प्रथिनावरील भार संमिश्र असतो आणि त्याची माळही गुंडाळलेली असते. २०२१ साली नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे सेस डेकर यांच्या प्रयोगशाळेने प्रथिनाच्या तुकड्यास डीएनएचा धागा जोडला आणि एका विकराकरवी तो धागा पायरीपायरीने ओढविला. तेव्हा एका मण्याचा फरकही ओळखता आला, आणि तोच तुकडा पुनःपुन्हा वाचता आला. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रथिनांची घडी उलगडणाऱ्या विकराच्या साहाय्याने लांब माळाही छिद्रातून ओढून वाचल्या.

प्रवाहावर शेजारच्या अनेक मण्यांचा परिणाम एकदमच होत असल्यामुळे, कोणतेही अपरिचित प्रथिन आरंभापासून अंतापर्यंत अचूक वाचणे अद्याप साधलेले नाही. तथापि ज्याची नक्कल निघत नाही, त्याचा एकच रेणू वारंवार वाचावा, हा मार्ग आता खुला झाला आहे.