ओल्या कापसातून गेलेला मासा

संपादकांनी विषय दिला तो फ्लाय फिशिंगच्या दुकानाचा. तिथे काम कसे चालते, कोण माणसे जमतात, त्यांना एवढे वेड कशाचे, हे लिहून आणा, असे सांगणे होते. जागा मारुंजी. उत्तरेला पवना, दक्षिणेला मुळा, आणि मधल्या पट्टीत हिंजवडीच्या कंपन्या, नवे टॉवर आणि उरलीसुरली भातखाचरे. दोन नद्यांच्या मधल्या गावात गळाचा विषय शोभून दिसतो. पण या छंदाचा धागा धरून चालू लागले की तो दुकानापाशी थांबत नाही. तो लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी, टाटांच्या मत्स्यबीज केंद्रापर्यंत जातो. दुकान ज्या माशाच्या नावावर चालते तो मासा, महाशीर, तिथे जन्माला घातला जातो.

आधी दुकानातले काम पाहू, कारण ते साध्या गळाच्या दुकानापेक्षा वेगळे असते. मुळशीतला कातकरी किंवा भोई गळ टाकतो तेव्हा गांडूळ, कणकेचा गोळा किंवा शिशाचा तुकडा आपल्या वजनाने दोरी ओढून नेतो. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके उलटे. गळाला बांधलेली नकली माशी म्हणजे पिसांचा आणि धाग्याचा एक कण. तिला वजनच नाही. म्हणून वजन दोरीत घातलेले असते. काठी मागे-पुढे झुलवून जाड दोरीचा झोत हवेत उलगडायचा आणि त्याच्या टोकाला माशी पाण्यावर अलगद उतरवायची. कोणत्या काठीला किती जाड दोरी लागते याचे आकडे ठरलेले असतात. जोड चुकली तर दिवसभर हात दुखतो आणि माशी पायाशी पडते. त्यामुळे अशा दुकानातला माणूस निम्मा विक्रेता आणि निम्मा शिक्षक असतो. कोणत्या पाण्यात काय चालेल, गाठ कशी मारायची, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून का टाकायचा, मासा हातात धरण्याआधी हात ओले का करायचे, हे सगळे तो गिऱ्हाइकाला सांगत असतो. उलटा काटा नसला की गळ सहज सुटतो, आणि कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तोच थर त्याला रोगापासून वाचवतो. पकडलेला मासा परत सोडायचा हा या मंडळींचा पहिला नियम असल्याने या बारकाव्यांना फार मोल आहे.

मागच्या टेबलावर छोटा शिकंजा बसवलेला असतो. त्यात गळ पकडून त्याभोवती पीस, लोकर आणि चकचकीत धागा गुंडाळत माशी बांधली जाते. या कारागिरीत आपल्या सह्याद्रीचा वाटा मोठा आहे. आपल्या डोंगरातल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चमकणारे, डोळ्यासारखे ठिपके असतात. सॅमन माशासाठी बांधलेल्या जुन्या विलायती फ्लायच्या गालांवर हीच पिसे लावत. मागणी एवढी होती की पिसांसाठी या पक्ष्याची बेसुमार शिकार झाली. आज तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, पिसे परदेशी पाठवायला बंदी आहे, आणि विलायतेतले लोक पिसांसाठी हे पक्षी तिकडेच पाळतात. जुन्या चिरीव बांबूच्या काठ्यांचेही तसेच. चिनी बांबू येण्याआधी त्या ‘कलकत्ता’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय बांबूतून बनत.

इंग्रज अधिकारी या काठ्या घेऊन आपल्या नद्यांवर उतरले ते महाशीरसाठी. एच. एस. थॉमस यांनी 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि हा मासा साहेबांच्या क्लबांत गाजला. पण शास्त्राच्या वहीत त्याची नोंद त्याआधीच, आणि पुण्यातच झाली होती. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरत असताना इथल्या मासेमारांकडून मासे गोळा करी आणि लोक ज्या नावाने ओळखत तेच नाव लॅटिनच्या जोडीला लावून टाकी. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘शिंगटी’, ‘फुलंगी’ ही नावे अशी शास्त्रात शिरली. त्यातला खुद्री, म्हणजे दख्खनी महाशीर, त्याने 1839 साली मुळा-मुठेतून मिळालेल्या नमुन्यावरून जगापुढे मांडला. मारुंजीच्या खालून वाहणारी मुळा ही या माशाची शास्त्रीय जन्मभूमी आहे. त्याचे पर निळसर असतात, म्हणून हौसेने गळ टाकणारे अँगलर त्याला निळ्या परांचा महाशीर म्हणतात.

वळवणच्या केंद्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तळी बांधून त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि 1915 मध्ये वीज तयार केली. पुढे मुळशीचे धरण बांधायला घेतले, त्याविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, 1927 मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. धरणांनी नद्यांचे वाहते पाणी अडवले आणि पावसाळ्यात वर चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट बंद झाली. हे कंपनीच्या तळ्यांकाठीच दिसत होते, आणि 1970 च्या सुमारास तिथेच महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम हाती घेतले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. ते राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. त्याच्या तीस वर्षे आधी, 1940 साली, त्यांनी कोकणच्या खाड्यांतला बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, जवळजवळ पारदर्शक असा एक मासा जगासमोर आणला होता. एवढ्याशा माशापासून नदीतल्या सर्वांत ताकदवान माशापर्यंत एकच माणूस तितक्याच बारकाईने काम करत गेला, याचे मला फार कौतुक वाटते. त्यांच्याबरोबर, आणि नंतर कित्येक वर्षे, हे काम एस. एन. ओगले यांनी सांभाळले.

आता त्या कामाकडे येतो, कारण माझे मन तिथेच अडकले. रोहू-कटला एका वेळी लाखो हलकी अंडी सोडतात आणि ती दिवसभराच्या आतच फुटतात. महाशीर तसा नाही. त्याची अंडी मोजकी, मोठी, पिवळट सोनेरी आणि जड. ती तळाला बसतात. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, पिकलेली मादी निवडायची, पोटावरून हलक्या हाताने बोट फिरवून अंडी कोरड्या भांड्यात उतरवायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि मगच पाणी घालायचे. पाणी आधी पडले तर अंडे फळण्याची संधी हुकते. नंतर ही अंडी पसरट ट्रेमध्ये एका थरात मांडून त्यांवरून मंद, प्राणवायू भरलेले पाणी सतत फिरवत ठेवायचे. तीन दिवसांच्या आसपास वाट पाहायची. मेलेले, पांढरे पडलेले अंडे रोज वेचून बाहेर काढायचे, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या अंड्याला लागते.

पिल्लू बाहेर आले तरी काम संपत नाही. पोटाला बलकाची जड पिशवी असल्याने ते पोहत नाही. आठवडाभर ट्रेच्या कोपऱ्यात, अंधाऱ्या बाजूला डोके खुपसून, शेपटी थरथरवत पडून राहते. नदीत असते तर या दिवसांत खडकांच्या फटीत दडून बसले असते. गढूळ पाणी, पुराचा लोंढा, शिंगटीची धाड, यांतले काही ना काही त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला येते आणि नदीतली बहुतेक पिल्ले तिथेच संपतात. केंद्राने तेवढा आठवडा सांभाळला. सांगायला एवढेच, पण त्यासाठी रात्री-अपरात्री पाण्याची धार पाहणारी, गाळ काढणारी आणि ट्रे घासणारी माणसे लागतात. महाशीरच्या यशाच्या बातम्यांत त्यांची नावे येत नाहीत.

याच जड, सावकाश फुटणाऱ्या अंड्याने एक नवी सोय दिली. कुलकर्णी आणि ओगले यांच्या लक्षात आले की फळलेले अंडे बुडते ठेवायची गरज नाही, ओलावा पुरतो. त्यांनी ओल्या कापसाच्या थरांमध्ये अंडी रचली, डबा बंद केला आणि विमानाने पाठवली. पोहोचल्यावर ती पाण्यात सोडली आणि फुटली. 1979 मध्ये त्यांनी ही पद्धत एका आंतरराष्ट्रीय मासिकात छोट्या लेखातून मांडली. पाण्याने भरलेले पिंप आणि हलणारा ट्रक यांच्याऐवजी एक हलका डबा पुरू लागला. वळवणचा महाशीर देशभर कुठेही पोहोचू शकत होता.

आणि त्याला मागणी होती. मुंबईत पवईच्या तलावाकाठी अँगलर मंडळींची संघटना पूर्वीपासून आहे. दक्षिणेत कावेरीवर गळ टाकणारे तर जगभर प्रसिद्ध. नद्या रिकाम्या होत असल्याचे त्यांनीच आधी पाहिले, कारण पाण्यापाशी तासन्‌तास बसणारे तेच. डायनामाइटने मासेमारी होत होती, विष टाकले जात होते. पिल्ले मिळताहेत म्हटल्यावर ती नदीत सोडणे हे पुण्यकर्मच वाटले. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात वळवणच्या पैदाशीतला निळ्या परांचा महाशीर कावेरीत गेला. तिथे तो रुजला, वाढला, आणि अँगलरच्या गळाला भरपूर लागू लागला.

पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता. त्याच्या पाठीवर उंच कुबड असे आणि तो जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरपैकी एक. 1946 साली पकडलेला एक मासा सुमारे 54 किलोचा होता. कावेरीकाठच्या गॅलिबोरे इथल्या अँगलरांच्या कॅम्पवर प्रत्येक पकडलेल्या माशाची नोंद ठेवत. 1998 ते 2012 या काळातल्या त्या वह्या संशोधकांनी तपासल्या तेव्हा वाईट बातमी कळली. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते. कुबडवाला मात्र लहान वयाचा दिसेनासा झाला होता. मोठी, म्हातारी जनावरे तेवढी अधूनमधून गळाला लागत होती. म्हणजे नवी पिढी येतच नव्हती. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2018 मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच सुमारास आपला खुद्री आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त वर्गातून ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आला. एका माशाला हात दिला आणि दुसऱ्याच्या घरात तो शिरला. कुबडवाल्याच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा आणि अवैध मासेमारीही जबाबदार आहेत. तरी परका भाऊबंद नदीत सोडण्याचा वाटा नाकारता येत नाही.

यात कुलकर्णी-ओगले यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी सगळे महाशीर साधारण सारखेच समजले जात आणि मासे नदीत सोडणे हे सरकारी खात्यांचेही धोरण होते. मात्र आज आपल्याला कळते. तरीही पिल्ले सोडण्याचे कार्यक्रम, फोटो आणि हार चालूच असतात. कोणत्या नदीचे बीज कोणत्या नदीत चालले आहे, हे विचारणारे थोडे.

चिंता माझ्या पायाखालच्या नद्यांचीही आहे. ए. जी. एल. फ्रेझर यांनी 1942 मध्ये पुण्याच्या माशांची यादी छापली. पुण्यातल्या संशोधकांनी पुढे त्या नद्या पुन्हा धुंडाळल्या तेव्हा अनेक जाती हरवलेल्या दिसल्या. सांडपाणी, बंधारे आणि बाहेरून आलेले मासे ही कारणे तेव्हाच लिहिली गेली. तिलापिया सर्वत्र आहे, बंदी असलेला थाई मांगूर आहे, आणि घरच्या काचपेटीतून सुटलेला सकर मासा उजनीच्या जाळ्यांत येतो. ज्या मुळा-मुठेत साइक्सला खुद्री मिळाला तिच्या काठी आज फ्लाय फिशिंगची काठी उलगडावी असे पाणी शहरात उरलेले नाही. वर मुळशीकडे पाणी बरे आहे, पण पहिल्या पावसात ओढ्यांत चढणीचे मासे धरायला झुंबड उडते. पोटात अंडी असलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीची नदी, हे तिथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातले महाशीर लोक धरत नाहीत, म्हणून ते आजही आहेत. कायद्याआधी, केंद्राआधी, गावाने ते राखले.

म्हणून मारुंजी, हिंजवडी, मुळशी भागातल्या हौशी अँगलरांना आणि त्यांना साहित्य विकणाऱ्यांना माझे चार गोष्टींचे आर्जव आहे. नदीत किंवा तळ्यात पिल्ले सोडायची असतील तर ती त्याच नदीच्या बीजाची आहेत याची खात्री तज्ज्ञांकडून करून घ्या. खात्री नसेल तर सोडू नका. काचपेटीतला मासा पाण्यात टाकू नका. आषाढ-श्रावणात चढणीच्या माशांवर गळ टाकू नका, आणि जाळे टाकणाऱ्यालाही समजावून सांगा. आणि दुकानात काउंटरवर एक वही ठेवा: कोणता मासा, किती लांबीचा, कोणत्या पाण्यात, कोणत्या तारखेला मिळाला आणि सोडला. कावेरीचे सत्य अशाच वहीतून बाहेर आले. मुळा आणि पवनेची अशी वही आजपासून लिहायला घ्या आणि दरवर्षी ती पुण्यातल्या मत्स्य संशोधकांना दाखवा.