निर्बंधांपलीकडचा ई-मेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८० च्या दशकात विद्यापीठे आणि संशोधन संस्थांचे संगणक टेलिफोनवरून देशोदेशी पत्रे पाठवू लागले. भारतात या कामाचे मोठे केंद्र मुंबईत जुहूला होते : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनसीएसटी. जगाने वाळीत टाकलेल्या दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकी निर्बंधांखालच्या क्युबातही ई-मेल याच पद्धतीने पोहोचला. या इतिहासाविषयी काही गैरसमज आजही आढळतात.

गैरसमज : भारतात ई-मेल १९९५ मध्ये आला.
वस्तुस्थिती : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ई-मेल मात्र त्याआधीच आला होता. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शिक्षण व संशोधन संस्थांच्या जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. १९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेल सुरू झाला. तेव्हा डॉ. श्रीनिवासन रमणी एनसीएसटीचे संचालक होते. ‘डॉट इन’ या भारताच्या नामक्षेत्राची नोंद १९८९ मधली आहे.

गैरसमज : ई-मेलसाठी इंटरनेटची अखंड जोडणी लागते.
वस्तुस्थिती : यूयूसीपी पद्धतीत संगणक पत्रे साठवून ठेवी, ठरलेल्या वेळी मोडेमवरून दुसऱ्या संगणकाला फोन लावी, देवाणघेवाण उरकून फोन ठेवी. दुसरा संगणक ती पत्रे पुढच्याकडे सोपवी. टपालाची थैली एसटीने एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जावी, तसाच हा प्रवास होता. वाटेतल्या संगणकांची नावे पत्त्यातच क्रमाने लिहिलेली असत. एनसीएसटीच्या अशाच एका संगणकाचे नाव ‘शक्ती’ होते.

गैरसमज : देश बहिष्कृत असेल, तर त्याचा ई-मेलही तुटतो.
वस्तुस्थिती : भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच बंद केला आणि राजनैतिक संबंध १९९३ मध्ये जोडले. मधल्या काळात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या ऱ्होड्स विद्यापीठाने फिडोनेट या टेलिफोनवरून चालणाऱ्या हौशी संगणक जाळ्याच्या साहाय्याने जगाशी ई-मेल सुरू केला. पलीकडचे टोक होते अमेरिकेत पोर्टलंडला, संगणकतज्ज्ञ रँडी बुश यांच्या घरी. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेची पहिली थेट इंटरनेट जोडणीही बुश यांच्या घराशीच झाली. क्युबाची पत्रे १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील टोरोंटोमार्गे जात. क्युबाला थेट इंटरनेट १९९६ मध्ये मिळाले. साधी टेलिफोन लाइन आणि पत्रे स्वीकारायला तयार असलेला एक संगणक, एवढ्यावर हे भागत होते.

गैरसमज : भारतही तेव्हा असाच एकाकी होता.
वस्तुस्थिती : भारतावर बहिष्कार नव्हता. १९८९ मध्ये एनसीएसटीतून थेट अमेरिकेशी सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची भाडेतत्त्वावरील लाइन जोडली गेली. अडचण शक्तिशाली संगणकांच्या आयातीत होती. अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणांमुळे हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक हे सरकारी संगणन केंद्र स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुढे एनसीएसटीही सी-डॅकमध्येच विलीन झाली.

गैरसमज : संगणक जाळे महानगरांपुरतेच होते, जिल्ह्यांना त्याचा स्पर्शही नव्हता.
वस्तुस्थिती : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘निकनेट’ची आखणीच जिल्ह्याची ठिकाणे उपग्रहाने दिल्लीशी जोडण्यासाठी झाली होती. त्यासाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांसारख्या जिल्हा मुख्यालयांत छोट्या भूकेंद्रांची योजना होती. हे जाळे सरकारी कामासाठी होते. त्या जिल्ह्यातील अकोले, संगमनेर, शेवगाव किंवा जामखेडच्या नागरिकाला ते खुले नव्हते. त्याच्यापुढचा अडथळा परदेशी निर्बंधांचा नव्हता. घरी टेलिफोन येण्यासाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागे, आणि खासगी इंटरनेट सेवेला परवानगी मिळायला १९९८ साल उजाडले.