सडपातळ देह, तरीही मधुमेह?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. हा केवळ लठ्ठ माणसांचा आजार, असे मानून सडपातळ माणसाने निश्चिंत राहावे काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला फार पूर्वीच छेद दिला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेतील वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती.

चरबी म्हणजे निव्वळ साठवण नव्हे. ती संप्रेरके स्रवणारे एक अवयवच आहे. अपक्व पेशींचे मेदपेशींत रूपांतर घडवण्यात ‘पीपीएआर-गॅमा’ या जनुकाची भूमिका कळीची असते. नव्या मेदपेशी पुरेशा तयार झाल्या नाहीत, तर जुन्या पेशी फुगतात आणि उरलेला मेद यकृतात व स्नायूंत साचतो. फुगलेल्या पेशींतून ॲडिपोनेक्टिन हे हितकारक संप्रेरक कमी स्रवते व इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मेदपेशींतूनच स्रवणारे लेप्टिन मेंदूला मेदसाठ्याची वर्दी देते. त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. हे जनुक जन्मतः सदोष असलेल्या मोजक्या मुलांची भूक शमतच नाही.

लठ्ठपणाशी निगडित ‘एफटीओ’ जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध भारतीयांमध्ये केवळ वजनाने उलगडत नाही, असे पुणे व हैदराबाद येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले.

तथापि, जनुके म्हणजे ललाटलेख नव्हे. पुणे परिसरातील खेड्यांत नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ३.५ किलो भरले. पुण्याच्या बाळांचे स्नायू व अवयव लहान होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. या घडणीत मातेच्या पोषणाचाही वाटा असल्याचे संशोधक मानतात.

म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा घरात मधुमेहाचा वारसा असला, तर बांधा सडपातळ असूनही रक्तशर्करा तपासून घ्यावी. वारसा बदलता येत नाही. आहार आणि चालणे मात्र आपल्याच हाती आहे.