केसांची तांबूस छटा : निवड आणि निगा

पावसाळा सरला, की सुटीच्या दिवशी पुणेकरांची वाहने खडकवासल्यावरून पानशेतच्या दिशेने धावू लागतात. जलाशयात बोटिंग, काठावर छायाचित्रे असा दिवस जातो आणि त्या छायाचित्रांत हमखास लक्ष वेधून घेते ती उन्हात चमकणारी केसांची तांबूस, सोनेरी झाक. घरातील ट्यूबलाइटखाली जवळजवळ काळे भासणारे केस मोकळ्या उन्हात वेगळेच दिसतात. मात्र ज्या उन्हात हा रंग खुलतो, तेच ऊन तो फिकाही करते. म्हणूनच पाकिटावरील चेहरा पाहून रंग विकत घेण्यापूर्वी आपल्या केसांचा मूळ रंग, त्वचेची झाक, घरी येणारे पाणी आणि आपल्या त्वचेला ते रसायन सोसते की नाही, या चार गोष्टींचा विचार करायला हवा.

उष्ण छटा कोणत्या?

चित्रकलेत लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग, तर निळा, जांभळा हे शीत रंग मानले जातात. केसांच्या बाबतीतही हीच विभागणी चालते. कॉपर, चेस्टनट, हनी, कॅरॅमल, गोल्डन ब्राउन या उष्ण छटा. अ‍ॅश ब्राउन ही शीत छटा. लालसर दिसणाऱ्या बर्गंडीत जांभळा मिसळलेला असल्याने ती शीत छटेकडे झुकते.

आपल्याकडील काळ्या केसांना उष्ण छटा सहज साधतात, याला कारण आहे. केसांतील नैसर्गिक रंगद्रव्य फिके होत जाते, तेव्हा आधी लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळी झाक उघड होते. तांबूस रंग देताना हीच झाक उपयोगी पडते. राखाडी झाकेचा रंग हवा असेल, तर मात्र ती दडपावी लागते.

पाकिटावरील आकड्यांचा अर्थ

अनेक कंपन्यांच्या पद्धतीत पहिला आकडा रंगाची गडदता सांगतो. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अतिशय फिकट सोनेरी. दशांश चिन्हापुढील आकडा झाक दर्शवितो. बहुधा ३ म्हणजे सोनेरी आणि ४ म्हणजे तांबूस. त्यानुसार ५.४ हा तांबूस झाकेचा फिकट तपकिरी रंग ठरतो. सर्वच कंपन्या ही पद्धत पाळत नाहीत, त्यामुळे तक्ता पाहून खात्री करावी.

मूळ केस १ ते ३ या पातळीचे असतील, तर ४ किंवा ५ पर्यंत जाणे तुलनेने सोपे असते. ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजेच ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले डेव्हलपर एक-दोन पातळ्या रंग फिका करू शकते. ७ च्या पुढील हनी किंवा कॉपर ब्लाँडसाठी साधारणपणे ब्लीच करावे लागते आणि त्याने केस कोरडे व ठिसूळ होतात. आधी काळा डाय लावलेला असेल, तर त्यावर फिकट रंग लावून उपयोग होत नाही. कृत्रिम रंग दुसऱ्या रंगाने फिका होत नाही.

त्वचेला साजेसा रंग

मनगटावरील शिरा हिरवट दिसत असतील, तर त्वचेची झाक उष्ण आणि निळसर दिसत असतील, तर शीत, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. गव्हाळ वर्णाला कॉपर ब्राउन व गोल्डन ब्राउन, तर सावळ्या वर्णाला गडद चेस्टनट सहसा खुलून दिसतो. पहिल्यांदाच रंग देणाऱ्यांनी मूळ रंगापेक्षा एक-दोन पातळ्याच फिकट छटा निवडावी. मुळांशी केस वाढू लागले, तरी दोन रंगांतील फरक मग डोळ्यांत खुपत नाही.

मेंदी भिजविताना

तांबूस रंगाचा आपल्या घराघरांतील जुना मार्ग म्हणजे मेंदी. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे द्रव्य केसांतील केराटिनला चिकटते. ते मूळ रंग फिका करत नाही, म्हणून काळ्या केसांवर केवळ उन्हात लाली दिसते, तर पांढऱ्या केसांवर थेट नारिंगी रंग चढतो. अनेक घरांत मेंदी लोखंडी कढईत चहाचे पाणी, आवळा आणि काथ घालून भिजवितात. लोह आणि चहा-आवळ्यातील टॅनिन यांच्या संयोगाने रंग काळसर होतो. गडद तपकिरी रंगासाठी ही पद्धत ठीक आहे; मात्र स्वच्छ तांबूस छटा हवी असेल, तर मेंदी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात साध्या कोमट पाण्यात भिजवावी. धुतल्यानंतर एक-दोन दिवसांत हा रंग आणखी गडद होतो. पुढे पार्लरमध्ये रंग किंवा ब्लीच करून घ्यायचे असल्यास आधी लावलेल्या मेंदीची माहिती आवर्जून द्यावी.

चाचणी टाळू नका

‘काळी मेंदी’ नावाने मिळणाऱ्या अनेक पाकिटांत आणि बहुतेक कायमस्वरूपी रंगांत पॅरा-फेनिलिनडायअमीन म्हणजेच पीपीडी हे किंवा त्याच्या जवळचे रसायन असते. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते. टाळूला खाज व आग, कानामागे पुरळ, पापण्या सुजणे ही तिची लक्षणे होत. वर्षानुवर्षे तोच रंग लावणाऱ्यांनाही ती अचानक उद्भवू शकते. म्हणून दर वेळी रंग लावण्यापूर्वी सूचनापत्रकाप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. अशा रंगांच्या पाकिटावर पूर्वचाचणीचा इशारा छापणे भारतात बंधनकारक आहे. हे रंग भुवया किंवा पापण्यांना कधीही लावू नयेत. त्यामुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो. चेहरा सुजला किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

पाणी, ऊन आणि रंग

तांबूस व लाल रंग तपकिरी रंगांपेक्षा लवकर उतरतात. त्यात पाण्याचाही वाटा असतो. पुणे शहराला पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणी मिळते. सह्याद्रीतील पावसाचे हे पाणी तुलनेने मृदू आहे. बोअरवेल किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत मात्र पाणी बरेचदा जड असते. त्यातील क्षारांचा थर केसांवर बसतो आणि रंग निस्तेज दिसतो. साबणाला फेस न येणे, नळाच्या तोटीवर पांढरे पापुद्रे धरणे ही जड पाण्याची खूण. अशा वेळी शेवटचे दोन-तीन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. कढत पाणी टाळावे, सल्फेटविरहित शाम्पू वापरावा आणि केस रोज धुऊ नयेत. पानशेतसारख्या सहलीत रुमाल किंवा टोपी जवळ ठेवावी.

केशरचना कशी असावी?

सरळ, एकसारख्या केसांपेक्षा लेअर कट किंवा हलक्या लाटांवर हायलाइट्स अधिक उठून दिसतात. लांब केसांच्या वेणीत किंवा सैल अंबाड्यात तांबूस बटांचे पदर सुंदर दिसतात. त्यावर पांढरा गजरा खुलतो. मोरपंखी, बाटली हिरवा आणि मोतिया हे रंग तांबूस केसांशी छान जुळतात. स्ट्रेटनरच्या उष्णतेनेही रंग उडतो, त्यामुळे त्याचा वापर मोजकाच ठेवावा.

लग्नसराईत रंग द्यायचा असल्यास तो आदल्या दिवसावर ढकलू नये. चाचणीचे दोन दिवस आणि छटा न आवडल्यास ती सुधारण्यासाठी निदान आठवडा हाताशी असावा.