वाडा : शब्द आणि वास्तू

मराठीतील ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ ह्या शब्दापासून प्राकृत ‘वाड’च्या द्वारा आलेला आहे. ‘वाट’चा मूळ अर्थ घर असा नसून कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा असा आहे. (रस्ता ह्या अर्थाची मराठी ‘वाट’ निराळी, तिचे नाते ‘वर्त्मन्’शी आहे.) कोकणात नारळी-पोफळीच्या बागेस ‘वाडी’ म्हणतात व गुरे कोंडण्याच्या आवारास ‘गुरांचा वाडा’ म्हणतात, त्यांत हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. पुण्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात जुन्या वास्तूंचे जतन करावयाचे म्हणजे नेमके कशाचे, हा प्रश्न ज्या वेळी उपस्थित होतो, त्या वेळी ही व्युत्पत्ती केवळ कोशापुरती राहत नाही.

पेशवेकालीन वाड्याची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. रस्त्याच्या अंगास भिंत जवळजवळ आंधळी, तीत मोठा दरवाजा व त्या दरवाजात वाकून जावयाची दिंडी. आत देवडी, तेथून पहिला चौक. ह्या चौकाभोवतीच्या सोप्यांत कारकून बसत, आल्यागेल्याची उठबस होई. दुसरा चौक घरच्या माणसांचा. देवघर, स्वयंपाकघर आणि माजघर ही त्याच्या भोवती. ‘माजघर’ म्हणजे मधले घर, त्यातील ‘माज’ हे संस्कृत ‘मध्य’च होय. त्यामागे आड, न्हाणीघर, गोठा व परसू. घराला उजेड, वारा आणि पाऊस हे तिन्ही चौकातून मिळत, रस्त्यावरून नव्हे. भार पेलण्याचे काम सागवानी खांब व तुळया करीत. भिंती बहुधा त्या सांगाड्यात भरलेल्या. म्हणून घराचे मोजमाप भिंतींवरून न होता खणांवरून होत असे : दोन खांबांमधील गाळा तो खण. एखादी भिंत खचली तरी कडीपाट जागेवर राहतो, ही ह्या बांधणीची खुबी. तिचे वैरी दोनच, पाणी आणि अग्नी.

अग्नीने पुण्यात काय केले ते सर्वश्रुत आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 साली झाली व 1732 साली वास्तुशांत झाली. 1828 च्या आगीत आतील लाकडी इमला जळून गेला. तट, बुरूज, दरवाजे व चौथरे तेवढे राहिले. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता, वाडा राहिला आणि घर गेले. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याची गोष्ट निराळी. पेशवाई गेल्यावर 1821 साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेजची परंपरा निघाली. (भारतीय भाषाशास्त्राच्या एका प्रमुख केंद्राचा पाळणा ह्याच चौकात हलला, हे अभ्यासकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.) 1879 च्या आगीत ह्या वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा उभारला गेला; नंतर काही काळ नगरपालिकेची कचेरीही तेथे होती. हा वाडा टिकला तो सतत कोणीतरी त्यात वावरत होते म्हणून, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु राजवाडे हा अपवाद होय. शहराचा खरा पोत सामान्य सरदार, सावकार व भिक्षुक ह्यांच्या वाड्यांनी विणलेला होता, आणि तोच विरत गेला. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे लोळविले. जे उरले ते सावकाश गेले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे बहुतांशी 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी बांधून टाकले. भाडेकरूंना त्यामुळे आसरा मिळाला, हे नाकारता येत नाही. पण चार-सहा बिऱ्हाडांच्या त्या भाड्यात कौले शाकारण्याचाही खर्च निघेना. 1999 च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर पुष्कळ तुळया कुजून गेल्या होत्या. त्यातच मध्यवस्तीतील जमिनीची किंमत वरच्या वास्तूच्या किमतीहून कितीतरी पटींनी वाढली.

कायद्याने वास्तुरक्षण करावयाचे तर कायद्याला मोजता येईल असे एकक लागते, आणि ते एकक सामान्यतः ‘इमारत’ हे असते. केंद्राच्या 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध झाले. दुरुस्तीस परवानगी लागते. शनिवारवाडा असा संरक्षित असल्याने त्याच्या छायेतील मोडकळीस आलेली घरे पाडून नवी बांधता येत नाहीत, आणि जुनी सावरावी तर द्रव्यबळ नाही. एका वाड्याच्या रक्षणाने शेजारचे वाडे असे अधांतरी लोंबकळावेत, हा हेतू कोणाचाच नसावा. मुंबईने 1995 च्या नियमावलीत वास्तूंची प्रतवारी केली व इमारतींबरोबर परिसरही यादीत घेतले. गिरगावातील खोताची वाडी ही त्या दृष्टीने बोलकी आहे : नावातच आवार आहे आणि जे राखावयाचे तेही आवारच. तेथील जुनी घरे मात्र त्यानंतरही कमी होत गेली.

दर्शनी भाग ठेवून मागे मजले चढविण्याची जी तडजोड अलीकडे सुचविली जाते, तिची परीक्षा ह्याच कसोटीवर व्हावी. जी वास्तू रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करते, तिचा दर्शनी भाग म्हणजे तिचा सर्वांत मुका भाग. तो राखून चौक बुजविला तर उरते ते कुंपणही नव्हे व घरही नव्हे. ‘इमारत’ हा फारसीतून आलेला अरबी शब्दही, गंमत अशी, मुळात वस्ती करणे, आबाद करणे ह्या अर्थाच्या धातूचा आहे.

जे वाडे वाचविणे शक्य नाही त्यांच्या बाबतीत एक काम तरी अल्प खर्चात होण्याजोगे आहे. पाडण्यापूर्वी वाड्याचा चौक-खणांसह नकाशा काढावा, आणि तेथे आयुष्य घालविलेल्या वृद्धांकडून प्रत्येक जागेचे नाव व तेथे काय चाले हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. नव्या इमारतीच्या पाटीवर जुन्या वाड्याचे नाव बहुधा राहते. पण सोपा, देवडी, पडवी, बळद, फडताळ ही नावे पाटीवर येत नाहीत, आणि ती उच्चारणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.