'संगम' : वैमानिकाचा संसार आणि एक बिनसहीचे पत्र

राज कपूर यांचा 'संगम' १९६४ साली पडद्यावर आला. आर. के. फिल्म्सचा हा पहिला रंगीत चित्रपट. लांबी जवळजवळ चार तास. इंदर राज आनंद यांच्या कथेत तीन बालसवंगडी आहेत : सुंदर (राज कपूर), गोपाल (राजेंद्र कुमार) आणि राधा (वैजयंतीमाला). सुंदरचा राधेवर जीव, राधेचे मन मात्र गोपालकडे. गोपाललाही ती हवी असते, पण मित्रापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

सुंदर हवाई दलात वैमानिक होतो. काश्मीरमधल्या जवानांना रसद पोचवण्याच्या जोखमीच्या कामगिरीवर निघताना, आपल्यामागे राधेजवळ कुणाला फिरकू द्यायचे नाही, असे वचन तो नेमके गोपालकडून घेतो. विमान कोसळते आणि सुंदर गेला असे सगळे धरून चालतात. राधा-गोपालचे जुळत आले असतानाच तो जिवंत परततो. गोपाल मागे सरतो. राधेचे लग्न सुंदरशी लागते. वैमानिकाच्या पेशाचा कथेला खरा उपयोग एवढाच, की नायकाला काही काळ मेलेला ठरवता येते. संसाराला तडा जातो तो घरात.

मधुचंद्र युरोपात होतो. परदेशवारी दुर्मीळ असलेल्या त्या काळात व्हेनिस, पॅरिस आणि स्वित्झर्लंडची रंगीत दृश्ये हीच अनेकांची सहल होती. राधेने मन घट्ट करून नवऱ्याला आपले मानलेले असते. गोपालने दूर राहावे, असे तीच त्याला बजावते. मग एक जुने, बिनसहीचे प्रेमपत्र सुंदरच्या हाती लागते. ते गोपालचे असेल, ही शंकासुद्धा त्याला शिवत नाही. तो पिस्तूल रोखून राधेकडे नाव मागतो. ती घर सोडून गोपालकडे धावते. सुंदर तिथे पोचल्यावर गोपाल कबुली देतो आणि त्याच पिस्तुलाने स्वतःला संपवतो.

दोघा मित्रांनी वचन आणि त्यागाचा व्यवहार परस्पर उरकला. जिच्याबद्दल तो होता तिला कुणी विचारलेच नाही. ही कोंडी वैजयंतीमालांच्या चेहऱ्यावर सतत दिसते, तरी शेवटी थोरवीचा मान कथा गोपालच्याच पदरात टाकते.

शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांनी चित्रपट घरोघरी पोचवला. वैजयंतीमालांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला, तर राज कपूर यांना दिग्दर्शनाचा आणि चक्क संकलनाचाही.